मेंदूतला नायट्रिक ऑक्साइड मोजायचा कसा?

नायट्रिक ऑक्साइड वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. काही रुग्ण विचारतात, "डॉक्टर, मेंदूतलं त्याचं प्रमाण तपासता येतं का?" याचं उत्तर इतिहासात आहे.

हा वायू शरीरातच तयार होतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. मागे उरतात नायट्राइट आणि नायट्रेट. नायट्राइट ओळखण्याची रासायनिक पद्धत 1879 मध्ये पीटर ग्रीस यांनी शोधली. ते इंग्लंडमधल्या एका बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. लघवी तपासायच्या पट्टीवर जंतुसंसर्गात जो चौकोन गुलाबी होतो, तो याच तत्त्वावर.

मेंदूत हा वायू निरोप्याचं काम करतो, हे मात्र शंभरेक वर्षांनी समजलं. 1988 मध्ये जॉन गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लहान मेंदूतील पेशी उत्तेजित केल्या. त्यातून बाहेर पडलेल्या पदार्थाने रक्तवाहिनीचा तुकडा सैल पडला. म्हणजे पहिलं 'मोजमाप' रक्तवाहिनीनेच केलं! 1990 मध्ये ब्रेट आणि स्नायडर यांनी हा वायू बनवणारं एन्झाइम मेंदूतून वेगळं केलं. वायू बनताना सोबत सिट्रुलिनही बनतं; ते मोजून वायूचा अंदाज घेता येतो. 1992 मध्ये मालिन्स्की आणि ताहा यांनी पेशीजवळच थेट मोजणारा अतिसूक्ष्म सेन्सर तयार केला. पुढे तो उंदराच्या मेंदूत वापरला गेला. रक्तपुरवठा थांबवताच काही मिनिटांत वायूचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

मग माणसात? जिवंत माणसाच्या मेंदूत असा सेन्सर घालून नेहमीची तपासणी करता येत नाही. संशोधनात पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात नायट्राइट-नायट्रेट मोजतात. रक्तातल्या आकड्यावरून तर मेंदूबद्दल काहीच ठरवता येत नाही. न्हावा शेवाच्या यार्डात पडलेला कंटेनर नुसता पाहून तो कोणत्या जहाजातून उतरला हे सांगता येईल का? तसंच हे. पालक किंवा बीट खाल्लं तरी रक्तातलं नायट्रेट वाढतं.

म्हणून लक्षात ठेवा:

1. मेंदूतला नायट्रिक ऑक्साइड सांगणारी नेहमीच्या वापरातली रक्ततपासणी नाही. त्यासाठी पैसे घालवू नका.

2. जास्त म्हणजे चांगलं, असं नाही. या वायूचा अतिरेक मेंदूच्या पेशींना घातकही ठरतो.

3. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिलसारखं औषध घेऊ नका; रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. कोणतीही 'बूस्टर' पावडर घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

4. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं अशी लक्षणं दिसली, तर लगेच रुग्णालय गाठा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.