स्टेडीकॅम आणि चालकाचे शिक्षण

१९७० च्या सुमारापर्यंत चालत्या कॅमेऱ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग होते. रुळांवरील गाडीवर ठेवल्यास चित्र स्थिर राही, परंतु वाट आधी बांधावी लागे. खांद्यावर घेतल्यास वाट मोकळी होई, परंतु पावलापावलाचा धक्का चित्रात उतरे. हा पेच फिलाडेल्फियाचे गॅरेट ब्राउन यांनी त्या दशकात सोडविला. त्यांच्या साधनास पुढे ‘स्टेडीकॅम’ हे नाव मिळाले.

या साधनात चालकाच्या अंगावरील जाकिटास जोडलेला स्प्रिंगचा बाहू सर्व भार पेलतो. उभ्या दांड्याच्या वरच्या टोकास कॅमेरा, तर खालच्या टोकास बॅटरी व पडदा असतो. वजन असे दूर विभागल्याने दांडा सहजी वळत नाही. बाहू व दांडा यांना जोडणारा गिंबल हाताचे हिसके कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही.

१९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ या चित्रपटात ब्राउन खाली येणाऱ्या क्रेनवरून उतरून कॅमेऱ्यासह थेट गर्दीतून चालत गेले. १९७८ मध्ये या शोधास ऑस्कर पारितोषिक लाभले. आता यंत्रच सर्व काही करील, असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु तो यथार्थ नव्हे. स्वतः ब्राउन यांना चालकांसाठी प्रशिक्षणवर्ग घ्यावे लागले.

शिक्षणाचा आरंभ समतोलापासून होतो. आडवा धरलेला दांडा सोडल्यावर उभा होण्यास साधारणतः दोन-तीन सेकंद लागावेत. तो याहून फार लवकर उभा झाल्यास खालचा भाग जड आहे असे समजावे. असा दांडा निघताना व थांबताना लंबकासारखा झुलतो. त्यानंतर हातांची पाळी येते. एक हात भाराची दिशा सांभाळतो, दुसऱ्याची केवळ बोटे दांड्यास स्पर्श करतात. नवशिक्याची मूठ आवळते आणि क्षितिज कलते. म्हणून येथे बळ लावण्यापेक्षा ते आवरणे अधिक कठीण.

१९९० मध्ये हातात धरावयाचा लहान ‘स्टेडीकॅम ज्युनियर’ आला. त्यास जाकीट व बाहू नसल्याने स्प्रिंगचे काम चालकाच्या कोपरावर व गुडघ्यांवर येऊन पडले. २०१३ मधील ‘मोव्ही’ नंतर विद्युत्-मोटारींचे गिंबल रूढ झाले. तीन अक्षांवरील कलणे मोटारी आवरतात. चालण्यातील वरखाली होणे मात्र त्यांच्या आवाक्यात नाही. म्हणून गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवीत, पाऊल हलके उतरविण्याचा अभ्यास आजही करावाच लागतो. साधने बदलली, हाताचे काम उणावले. पावलांचे शिक्षण मात्र टळलेले नाही.