तळटीप : संमतिवयाचे बिल

१४. लेखकाचा रोख १८९१ च्या कायद्याकडे आहे. १८६० च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय १० होते, विवाहितेलाही तेच लागू. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही १०-११ वर्षांची मुलगी पतीच्या बळजोरीने दगावली. तिने दहावे ओलांडले होते, म्हणून बलात्काराचा आरोपच लावता येईना. पती वर्षभराच्या सक्तमजुरीवर सुटला. मग १८९१ च्या कायद्याने मर्यादा १२ झाली. पुण्यात यावरून रण माजले. टिळकांचा विरोध निव्वळ बालविवाहाच्या कैवारापोटी होता असे सर्रास लिहितात (आमच्या लेखकानेही लिहिले आहे), ते अर्धवट आहे. परक्या सरकारने कायदा करून धर्मात हात घालू नये, सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. तरीही फुलमणीपुढे तो युक्तिवाद लंगडाच. बिलाच्या बाजूने संस्कृत पंडित भांडारकरांनी शास्त्रवचनांनीच विरोधी शास्त्र्यांना उत्तर दिले. पुढे मर्यादा चढत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ झाली. ती पुन्हा १६ करावी का, हा आजचा वाद वेगळा आहे. त्यामागे परस्परांच्या मर्जीने एकत्र आलेल्या किशोरांवरचे खटले आहेत. २०२३ मध्ये २२ व्या विधी आयोगाने वय १८ च ठेवावे, १६ ते १८ च्या अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायाधीशांना तारतम्याची मुभा द्यावी, अशी शिफारस केली.