साक्षीदार अनेक, घटना एक : बरोक चेलो सोनाटा ऐकताना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली होती. 'विवाल्डीच्या चेलो सोनाटांची इतकी रेकॉर्डिंग्ज मिळतात. त्यातलं खरं कुठलं?' ती चिठ्ठी आज खिशात घेऊन आलोय. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी याचं उत्तर एका वाक्यात दिलं असतं, आणि ते चुकलं असतं. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

आधी घटना काय ती पाहू. 1740 च्या सुमारास पॅरिसमध्ये ल क्लेर नावाच्या प्रकाशकाने विवाल्डीचे सहा चेलो सोनाटा छापले. विवाल्डी तेव्हा साठी ओलांडलेला होता. पुढच्याच वर्षी, 1741 च्या जुलैमध्ये, तो व्हिएन्नात वारला. चेलोची मात्र तेव्हा उमेद होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळायचं तंत्र आलं. आतड्याची तार म्हणजे आपल्याकडे सारंगीला लागते ती तात. धातू गुंडाळल्यामुळे तार फार जाड न करताही खालचे स्वर मिळू लागले. म्हणजे वाद्य आटोपशीर झालं, बोटं चपळ चालू लागली. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमधल्या दोमेनिको गाब्रिएल्लीसारख्या वादकांनी मग चेलोसाठी स्वतंत्र रचना केल्या. तोवर हे वाद्य बहुतेक खाली बसून इतरांना आधार देणारं होतं. ते पुढे येऊन बोलू लागलं.

हे सगळ्यांना रुचलं असं नाही. त्याच 1740 साली ह्यूबर ल ब्लाँ या फ्रेंच गृहस्थाने एक पुस्तिका काढली. व्हायोलिनची आक्रमणं आणि चेलोची आगाऊ मिजास यांच्यापासून व्हिओला दा गांबाचा बचाव, असा तिच्या नावाचा मथितार्थ. तेव्हा लक्षात घ्या, आज आपण ज्याला शांत, अभिजात म्हणून डोळे मिटून ऐकतो, ते त्या काळी काहींच्या कानाला उद्धट वाटत होतं.

आता कागदावर काय आहे? दोन ओळी. वरची चेलोची, खालची आधार देणाऱ्या मंद्र स्वरांची. अशा खालच्या ओळीवर त्या काळी आकडे घालत. हार्प्सिकॉर्डवाला ते आकडे बघून उजव्या हाताचे स्वर जागच्या जागी रचायचा. कुठले, किती, हे त्याने ठरवायचं. खालची ओळ नेमकी कुठल्या वाद्यांनी वाजवायची हेही बहुधा वादकांवर सोडलेलं. चार भाग : संथ, जलद, संथ, जलद. बहुतेक भागांचे दोन हिस्से आणि प्रत्येक हिस्सा दोनदा. दुसऱ्यांदा वाजवताना वादकाने आपल्या पदरचे अलंकार घालावेत ही अपेक्षा. थोडक्यात, आपल्याकडे बंदिशीचं नोटेशन छापलेलं असतं आणि मैफल त्यात नसते, तसंच काहीसं. तुलना इथेच थांबवतो, फार ताणली तर तुटेल.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1968 च्या आपल्या पुस्तकात एक कडक भूमिका घेतली. स्वरलिपीतला एक जरी स्वर चुकला, तरी ते त्या कृतीचं वादन नव्हे. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण त्याचा तर्क पक्का आहे. एकेक चूक माफ करत गेलात तर शेवटी कुठल्याही कृतीची कुठलीही दुसरी कृती होईल. अडचण अशी की आकड्यांचा मंद्र त्याच्या चौकटीत नीट बसत नाही, आणि हे गुडमनलाही ठाऊक होतं. जे लिहिलेलंच नाही ते चुकणार कसं? म्हणजे 'खरं कुठलं' हा प्रश्न कागदाकडे नेला तर कागद अर्ध्या वाटेत हात वर करतो.

मघाशी आपण पाचव्या सोनाटातला, इ मायनरमधला, तिसरा भाग दोनदा ऐकला. पहिलं रेकॉर्डिंग 1960 च्या दशकातलं. चेलोवर पॉल तोर्तलिए, हार्प्सिकॉर्डवर रोबेर वेरों-लाक्रवा. भरघोस स्वर, प्रत्येक लांब स्वरावर डाव्या बोटाचा कंप, म्हणजे व्हायब्रेटो. दुसरं 1980 च्या दशकाच्या अखेरचं. ख्रिस्तॉफ क्वँ चेलोवर, ख्रिस्तोफर हॉगवुड आणि साथीदार. जुन्या पद्धतीचं वाद्य, तातेच्या तारा. स्वर सुटताना थोडा खरखरतो, वाक्यं बोलल्यासारखी तुटक येतात. चेलोखालची जमिनीला टेकणारी दांडी एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी वाद्य पोटऱ्यांमध्ये धरत, त्यामुळे सगळं शरीरच वेगळं बसायचं. तोर्तलिएने तर ती दांडी वाकडी करून स्वतःची नवी पद्धत काढली होती.

दुसरी ध्वनिमुद्रिका माझ्याकडे आली तेव्हा मी भारावून गेलो होतो. वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवताना दोन्ही वाजवल्या आणि जाहीर करून टाकलं : 'पहिलं सुंदर आहे, पण खोटं आहे. दुसरं खरं.' मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारलं, 'सर, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही 1740 मध्ये होतात?' वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होती फक्त नवी आवड, आणि तिला मी ज्ञान म्हणत होतो. प्राध्यापकाला यापेक्षा मोठी चूक करता येत नाही.

मग वाचायला लागलो. जेमिनिआनी घ्या. 1746 मध्ये त्याचे सहा चेलो सोनाटा प्रसिद्ध झाले. याच माणसाने 1751 च्या व्हायोलिनवरच्या ग्रंथात सांगितलं की कंप जितका जास्त वापरता येईल तितका वापरावा. पाचच वर्षांनी, 1756 मध्ये, लिओपोल्ड मोझार्ट प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्या वादकांवर चिडलेला दिसतो. म्हणजे बरोक काळात व्हायब्रेटो नव्हता, हे माझं ठाम वाक्य एका झटक्यात गेलं. तेव्हाही वाद होता. आणि वाद होता याचा अर्थ दोन्ही प्रकारचे वादक होते. पुढे रिचर्ड तारुस्किन या संगीत-इतिहासकाराने तर असं म्हटलं की हे 'अस्सल' वादन बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे : हलकं, नेमकं, भावनेचा भार टाळणारं. मला तो थोडा अतिरेकी वाटतो. तातेची तार ही काही केवळ अभिरुची नाही. धनू तिच्यावर वेगळीच चालते, हे हाताला कळतं. पण त्याचा मुद्दा टाळता येत नाही.

तेव्हा मी आज या ध्वनिमुद्रिकांकडे साक्षीदार म्हणून बघतो. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण बोलणारा विश्वासार्ह हवा. त्याला विषय माहीत हवा आणि जसं माहीत तसं सांगायची इच्छा हवी. तोर्तलिएला ही कसोटी लावा. तो 1740 बद्दल काही सांगत नाही. इटालियन ओळीला गाता गळा आहे, हे तो सांगतो, आणि त्यात तो विश्वासार्ह आहे. क्वँ सांगतो की त्या साधनांनी हे असं बोललं जाऊ शकतं. 'बोललं जायचं' आणि 'बोललं जाऊ शकतं' यांत फरक आहे, आणि इतिहास त्या फरकात राहतो.

एक धोका मात्र सगळ्याच ध्वनिमुद्रिकांत आहे. मध्यंतरी एका मैफलीत हाच सोनाटा प्रत्यक्ष ऐकला. दुसऱ्या आवृत्तीत एका जागी मला चुकल्यासारखं वाटलं, वादकाने स्वर गाळला म्हणून. घरी येऊन स्वरलिपी काढली. तो स्वर तिथे नव्हताच! माझ्या आवडत्या ध्वनिमुद्रिकेतल्या वादकाने एका दिवशी, एका खोलीत, सहज घातलेला अलंकार होता तो. मी तो शेकडो वेळा ऐकून विवाल्डीच्या नावावर जमा केला होता. क्षणापुरतं सुचलेलं काहीतरी यंत्राने कायमचं केलं, आणि माझ्या कानाने त्याचा कायदा केला.

शेवटचा साक्षीदार म्हणजे आपले कान. माझे आता पंचाहत्तरीकडे चाललेत. वरचे स्वर आधी जातात. हार्प्सिकॉर्डची ती चांदीसारखी किणकिण मला पूर्वीइतकी येत नाही, चेलो मात्र येतो. कानातलं यंत्र लावलं तर कधी चेलोच्या लांब स्वरालाच ते स्वतःची शिट्टी समजून दाबायला बघतं! तबकडी तीच, ऐकू येणारा सोनाटा वेगळा. सुरुवातीला वाईट वाटलं. मग ध्यानात आलं की मी आता खालच्या ओळीकडे जास्त लक्ष देतो. पूर्वी ती मला नुसती साथ वाटायची. खरं तर वरची ओळ बऱ्याचदा तिच्याशी भांडत असते.

तर चिठ्ठीचं उत्तर. खरं रेकॉर्डिंग एक निवडू नका. निदान दोन ऐका, एकमेकांना न पटणारी. जिथे दोघांची साक्ष जुळते तिथे बहुधा कागद बोलतोय. जिथे जुळत नाही तिथे वादक बोलतोय, किंवा त्याचा काळ. आणि ऐकताना तुम्हाला एकाबद्दल फारच खात्री वाटायला लागली, तर त्या मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारा. तिचं नाव मला आठवत नाही, याची खंत आहे. तिचं ऋण मात्र विसरलेलो नाही.

आता पाचवा सोनाटा पुन्हा लावू या. या वेळी फक्त खालची ओळ ऐका.