फळा कुणाच्या मालकीचा?

'मूडल' हा शब्द आमच्या नात्यागोत्यातल्या निम्म्या मुलांच्या तोंडी आहे. इंजिनिअरिंगला गेलेला प्रत्येक भाचा-पुतण्या 'असाइनमेंट मूडलवर टाकली' असं म्हणतो. पण हे मूडल आलं कुठून, आणलं कुणी, असं विचारलं की सगळे गप्प! कॉलेजच्या भिंतींसारखं ते पहिल्यापासून तिथेच आहे, असं त्यांना वाटतं. मी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. 'पहिल्यापासून तिथेच' असलेली एकही वस्तू मला अजून भेटलेली नाही. म्हणून आज थोडा मूडलचा इतिहास. मी संगणकतज्ज्ञ नाही, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण आहे, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात. तिथल्या वाळवंटी भागात वस्त्या एकमेकींपासून इतक्या लांब की रोज शाळेत जाणं शक्यच नाही. १९२९ च्या सुमारास आल्फ्रेड ट्रेगर यांनी तिथे पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ तयार केला. आपण शिवणयंत्र चालवतो ना, तसाच. हेतू हा की वीज नसलेल्या वस्तीवरूनही विमानाने येणाऱ्या डॉक्टरला निरोप देता यावा. पुढे हीच रेडिओची सोय शिक्षणाच्या कामी आली आणि १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज इथून 'स्कूल ऑफ द एअर' म्हणजे आकाशातली शाळा सुरू झाली. बाई रेडिओवर हजेरी घेणार आणि शेकडो मैलांवरची मुलं एकेक करून 'हजर' म्हणणार!

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या अशाच दुर्गम भागात, अशाच शाळेत मार्टिन डुगियामास नावाचा मुलगा शिकला. धडे रेडिओवर, आणि वह्या-पुस्तकांचं सामान अधूनमधून विमानाने. पुढे तो पर्थ शहरातल्या कर्टिन विद्यापीठात कामाला लागला. तिथे त्याच्याकडे 'वेबसीटी' या प्रणालीची देखभाल होती. वेबसीटी म्हणजे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी १९९५-९६ च्या सुमारास तयार केलेलं, इंटरनेटवरून वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. ते पुढे विकत घ्यावं लागे, आणि आतली रचना बदलायची सोय विद्यापीठाकडे नव्हती. एखादी गोष्ट शिक्षकांना गैरसोयीची वाटली तरी विनंती करायची आणि वाट बघायची.

डुगियामास यांनी वाट बघितली नाही. १९९९ पासून त्यांनी स्वतःच प्रणाली लिहायला घेतली, आणि २० ऑगस्ट २००२ रोजी मूडल १.० जगापुढे आलं. शिक्षण म्हणजे भरलेल्या घागरीतून रिकाम्या घागरीत पाणी ओतणं नव्हे. माणसं इतरांसाठी काहीतरी घडवतात तेव्हा ती अधिक शिकतात, हा त्यांचा विचार. म्हणून मूडलमध्ये नुसत्या नोट्स ठेवायची जागा नाही. चर्चामंच आहे, मुलांनी मिळून रचायचा शब्दकोश आहे, एकमेकांचे निबंध तपासायची सोय आहे. आमच्या शाळेतलं मुलांनी चालवलेलं भित्तिपत्रक आठवा, म्हणजे यात काय मजा आहे ते लगेच कळेल.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मूडल त्यांनी 'जीपीएल' या परवान्याखाली दिलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांचा. सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, आतून उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. अट एकच, की बदललेलं पुढे वाटताना घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे. लिनस टॉरवाल्ड्स यांचं १९९१ मधलं लिनक्स याच परवान्याखाली वाढलं. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे घोळ होतो. आपल्या भाषेत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्यच!

आता कथेतलं युद्ध. (इतिहासाच्या बाई आहे, युद्ध येणारच.) अमेरिकेत 'ब्लॅकबोर्ड' नावाची कंपनी याच व्यवसायात होती. ब्लॅकबोर्ड म्हणजे आपला साधा फळा. २००६ च्या सुरुवातीला तिने वेबसीटीही स्वतःत विलीन करून घेतली. त्याच वर्षी जानेवारीत तिला एक पेटंट मिळालं. त्याचा गाभा असा, की एकच व्यक्ती एका वर्गात शिक्षक, दुसऱ्या वर्गात विद्यार्थी अशा निरनिराळ्या भूमिकांत प्रणाली वापरू शकते. जुलैमध्ये कंपनीने 'डिझायर टू लर्न' या कॅनडातल्या प्रतिस्पर्ध्यावर दावा ठोकला. फळ्यानेच वर्गावर मालकी सांगितली म्हणा ना!

मग जगभरच्या शिक्षकांनी आणि संगणकवाल्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी इतिहास लिहायला घेतला! संगणकावरून शिकवण्याच्या कल्पना या पेटंटच्या कितीतरी आधीच्या आहेत, हे दाखवण्यासाठी विकिपीडियावर तारीखवार नोंदी गोळा केल्या. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेल्या 'प्लेटो' प्रणालीसारख्या जुन्या प्रयोगांना त्यात मान मिळाला. नोव्हेंबर २००६ मध्ये 'सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर'ने मूडल, साकाई आणि एट्यूटर यांच्या वतीने पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली. २००७ च्या फेब्रुवारीत मुक्त प्रणालींवर हे पेटंट उगारणार नाही, असं वचन ब्लॅकबोर्डने दिलं. २००८ मध्ये ज्यूरीने कॅनडाच्या कंपनीला सुमारे ३१ लाख डॉलर भरायला सांगितले; पण जुलै २००९ मध्ये वरच्या कोर्टाने दाव्यातली पेटंटची कलमंच अवैध ठरवली. सनावळ्या पाठ करून काय मिळतं, असं विचारणाऱ्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना हे उत्तर.

आपल्या मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचं साल २००६. मूडल १.६ मध्ये युनिकोड आलं, आणि एकाच संकेतस्थळावर मराठी, इंग्रजी, उर्दू शेजारी शेजारी नांदू लागल्या.

हे सगळं आठवायला एक निमित्त घडलं. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या भाचीने आठवीसाठी वर्षभर खपून प्रश्नसंच बनवले, एका फुकट अ‍ॅपवर. दीड वर्षाने ते अ‍ॅप बंद पडलं. "मावशी, माझे चारशे प्रश्न गेले गं," एवढंच ती म्हणाली. तक्रार कुणाकडे करणार? फुकट होतं, मुक्त नव्हतं.

नंतर त्यांच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांनी एका जुन्या संगणकावर उबंटू लिनक्स घालून मूडल बसवलं. मी मुद्दाम बघायला गेले. त्यांनी एकेक पायरी सांगितली. पानं वाढून देणारा अपाचे, मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी, आणि सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. रजिस्टरची अक्षरपद्धती सुरुवातीलाच नीट निवडावी लागते, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! मुलांच्या फाइली 'मूडलडेटा' नावाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि तो कप्पा इंटरनेटवरून थेट उघडेल अशा जागी ठेवायचा नाही. उत्तरपत्रिका आपण व्हरांड्यात ठेवतो का? शेवटी 'क्रॉन'. हा शाळेचा शिपाई. मिनिटामिनिटाला फेरी मारून निरोप पोचवतो, राहिलेली कामं उरकतो. तो नेमायचा राहिला तर शाळा भरलेली दिसते, पण घंटाच होत नाही.

आणि सरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. मुक्त असलं तरी हे फुकट पडत नाही. वीज लागते, वेळच्या वेळी नवी आवृत्ती चढवावी लागते, रोज बॅकअप घ्यावा लागतो, आणि हे करणारा माणूस टिकवावा लागतो. तो सोडून गेला तर मुक्त प्रणालीही धूळ खाते. मला हे शंभर टक्के पटलं. शाळेचं ग्रंथालय पुस्तकांवर चालत नाही, ग्रंथपालावर चालतं.

तरीही फरक आहेच. भाचीने आता पुन्हा प्रश्न लिहायला घेतलेत. हे प्रश्न एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, दुसऱ्या गावच्या शाळेला देता येतात, आणि उद्या हा संगणक मोडीत निघाला तर दुसऱ्यावर चढवता येतात. दीडशेच्या वर झालेत म्हणे. इतिहासाचे मी तपासून देते.