निपाणी ते नागसेनवन : विद्यासंस्था, शहर आणि नाव

विद्यासंस्थेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा स्थापनेचे वर्ष, इमारती, प्राचार्य आणि परीक्षांचे निकाल यांची नोंद करतो. ज्या शहरात ती संस्था वाढली त्या शहराने तिला कसे वागविले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. ज्यांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी निघालेल्या संस्थेबाबत तर हा प्रश्न टाळता येत नाही. तिचे दार उघडणे ही अर्धीच घटना होय. शहराचे दार उघडणे ही उरलेली अर्धी.

या इतिहासाचा एक धागा आपल्याच सीमाभागातून निघतो. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली; अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच निपाणीचे बळवंतराव वराळे बाबासाहेबांचे निष्ठावंत सहकारी झाले. धारवाडला बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांनी पाहिली. शाळेत नाव घातले तरी गावात राहण्यास खोली मिळत नाही, अशा मुलासाठी वसतिगृह हीच शिक्षणाची पहिली पायरी होती. पुढे बाबासाहेबांच्याच सांगण्यावरून वराळ्यांनी निपाणी सोडून औरंगाबाद गाठले.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि उच्च शिक्षणाच्या दृष्टीने मागासलेल्या मराठवाड्याचे ते प्रमुख शहर होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू निर्भयपणे उत्तर देतो, या प्राचीन बौद्ध संवादाची आठवण त्या दोन नावांत आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी अध्यापनाबरोबरच ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. येथेच शिकविलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ नियतकालिक चालविले. दलित साहित्याला त्याने हक्काचे व्यासपीठ दिले. खेड्यांतून आलेली मुले या परिसरात केवळ पदवी मिळवीत नव्हती. स्वतःविषयी लिहावयास शिकत होती.

पण शहराने आणि प्रदेशाने या विद्येचे स्वागत कोठवर केले? १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ज्यांना वर्गात बसू दिले त्यांचे नाव महाद्वारावर मात्र खुपले; या इतिहासातील सर्वांत बोचरी गोष्ट हीच आहे.

अमेरिकेत हेच घडताना दिसते. तेथील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांस महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला होता. त्याच्या सात वर्षे आधी, १८६६ मध्ये, मिशनऱ्यांनी नॅशव्हिल शहरात मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी फिस्क ही विद्यासंस्था काढली. तरीही जवळजवळ शंभर वर्षे त्या शहरातील उपाहारगृहांत तिच्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नसे. १९६० मध्ये फिस्क व इतर संस्थांच्या विद्यार्थ्यांनी तेथे शांतपणे बसून मार सोसला, तुरुंग भोगला आणि ती बंदी मोडली. त्यांना अहिंसेचे शिक्षण देणारे जेम्स लॉसन हे तरुण मेथडिस्ट सेवक पूर्वी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात तीन वर्षे काम करून गेले होते. या सत्याग्रहापायी नॅशव्हिलमधील एका गोऱ्या विद्यापीठाने आपल्या ईशज्ञानशाखेतून त्यांना काढून टाकले. ईशज्ञान शिकविणारे घरही दार लावून घेऊ शकते, हे आपण विसरू नये.

बळवंतरावांचे नातू प्रसन्न वराळे निपाणीत जन्मले, औरंगाबादेस शिकले, २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. एका वसतिगृहाचे फळ तिसऱ्या पिढीत असे दिसते.

१९५६ पासून आम्हां सीमावासीयांना पाटीवरील अक्षरांचे मोल ठाऊक आहे. आपली भाषा पाटीवरून पुसली गेली की मन दुखावते. मग दुसऱ्याचे नाव पुसले जाते तेव्हा ते दुःख आपणांस अधिक कळावयास हवे. आपणही शाळा व वसतिगृहे चालवितो, आणि प्रवेशाची संख्या अभिमानाने सांगतो. धर्मगुरू व धर्मशिक्षकांनी याबरोबर आणखी एक नोंद ठेवावी : त्या वसतिगृहातून गेलेल्या मुलाला पुढे आपल्या धर्मग्रामात कोणते स्थान मिळाले? तो समितीत बसतो काय? त्याच्या घरी आपण जेवतो काय? ही नोंद कोरी असेल, तर आपल्या संस्थेचाही इतिहास अजून अर्धाच लिहिला गेला आहे.