गाडी लो करण्याआधी

स्प्रिंग या शब्दाला मराठीत काय म्हणतात, असा प्रश्न मी वर्गात विचारला असता तर कोणी उत्तर दिले असते असे वाटत नाही. पण आमच्या लहानपणी अलिबागचे टांगेवाले 'कमान' म्हणत आणि एस.टी.च्या डेपोत 'पाटे' हा शब्द होता. दोन्ही शब्द चपट्या पोलादी पट्ट्यांसाठी. गोल गुंडाळीची स्प्रिंग आली ती आपले इंग्रजी नाव घेऊनच आली.

हे आठवायचे कारण माझा भाचा. त्याच्याकडे जुनी प्रीमियर ११८ एनई आहे आणि त्याला ती 'लो' करायची आहे, म्हणजे आखूड स्प्रिंगा घालून चाळीसेक मिलिमीटर खाली बसवायची आहे. "मामा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्हाला काय कळणार यातलं," असे तो हसत म्हणाला. इतिहासाच्या मास्तराला जे कळते ते लिहितो. गणित लागेल तिथे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची मदत घेतली आहे.

सुरुवात आपल्या रायगडापासूनच करू. तिथे राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, १६७६ मध्ये, लंडनच्या रॉबर्ट हूकने आपल्या एका पुस्तकात लॅटिन अक्षरांची एक विस्कटलेली ओळ छापली. शोध आपल्या नावावर नोंदला जावा पण दुसऱ्याला उमगू नये, अशी त्या काळची रीत! १६७८ मध्ये त्याने तिचा उलगडा केला. जितका ताण तितका जोर, हा स्प्रिंगेचा नियम. महाराज तेव्हा हयात होते. हूकचा नियम आणि शिवकाल आपल्याला वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात, म्हणून ते एकाच वेळचे आहेत हे कधी ध्यानातच येत नाही.

नियम सापडला म्हणून आमच्या किनाऱ्यावर धक्के कमी झाले नाहीत. बैलगाडीला स्प्रिंग नव्हतीच, धक्का माणसाच्या पाठीने सोसायचा. शहाणा माणूस मुंबईला जायचे तर रेवस गाठून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरे. कमानी आल्या त्या टांग्यांबरोबर. इंग्लंडात ओबादाया इलियटने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंबगोल कमानीची युक्ती काढली आणि घोडागाडी हलकी झाली. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि पाटे गावोगाव पोहोचले. पाट्यांची गंमत अशी की एक पट्टी तुटली तरी बाकीच्या घर सांभाळतात. गाडी एका बाजूला कलते, पण मुक्कामाला पोहोचते. गुंडाळी स्प्रिंगेचे तसे नाही, ती एकटीच असते.

आता भाच्याच्या गाडीचे कुळ पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी १९८५ मध्ये आणली. एनई म्हणजे निसान इंजिन, ११७१ सीसीचे. देह मात्र इटालियन, फियाट १२४ चा. ही १२४ निघाली १९६६ मध्ये आणि १९६७ सालची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. पद्मिनीच्या मागच्या चाकांना पाटे होते, तर १२४ ला मागेही गोल स्प्रिंगा. १९७० मध्ये तिची 'स्पेशल टी' ही चपळ आवृत्ती निघाली, दोन कॅमशाफ्टच्या १४३८ सीसी इंजिनाची. भाचा आपल्या गाडीला स्पोर्ट्स सेदान म्हणतो ते या चुलत नात्याच्या जोरावर. नाते खरे आहे, म्हणून मी हसलो नाही.

पण त्याच कुळातली दुसरी एक हकीकत त्याला ठाऊक नव्हती. १९६६ मध्येच फियाटने सोव्हिएत रशियाशी करार केला आणि व्होल्गेकाठी तोल्याती इथे कारखाना उभा राहू लागला. १२४ रशियन रस्त्यांवर चालवून पाहिली तेव्हा ती टिकेना. मग शेकडो बदल झाले. पत्रा जाड केला, मागचे डिस्क ब्रेक काढून चिखलात टिकणारे ड्रम घातले, सस्पेन्शन मजबूत केले आणि गाडी जमिनीपासून *वर* उचलली. १९७० पासून तिथे त्या गाड्या निघू लागल्या आणि त्या वंशाचे उत्पादन २०१२ पर्यंत चालले. ही गाडी वाईट रस्त्यावर नेताना तिच्या कर्त्यांनी जे केले, त्याच्या नेमके उलटे भाच्याला करायचे होते. आणि तेही कुठे? नागाव-चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर! मुंबई-गोवा महामार्गाचे तर नावच नको. २०११ ला रुंदीकरण सुरू झाले आणि त्यानंतर किती पावसाळे खड्ड्यांत गेले ते वाचकांना ठाऊक आहे.

आता थोडे गणित, कंटाळू नका. समजा चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा आहे. गाडी ३० ने खाली आणली की उरली ५०. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० चा वर्ग ६४००, ५० चा २५००. म्हणजे तोच खड्डा तितक्याच वेगाने आला तर तो पचवायला स्प्रिंग अडीच पटीहून जास्त कडक हवी. बाजारातल्या आखूड स्प्रिंगा इतक्या कडक नसतात, वीस-तीस टक्के वाढ म्हणजे खूप झाली. उरलेला धक्का कोण खातो? आतला रबरी ठोकळा, मग शॉकअप, मग पत्रा, आणि शेवटी मागच्या सीटवर बसलेली माझी ऐंशी ओलांडलेली थोरली बहीण, म्हणजे त्याची आई. माझा खरा आक्षेप इथे होता. त्या गाडीतून तिला महिन्यातून दोनदा अलिबागला डॉक्टरकडे जावे लागते, आणि तिच्या कण्याला स्प्रिंग नाही.

त्याला एका गॅरेजवाल्याने सांगितले होते की नव्या स्प्रिंगा कशाला, आहेत त्यांचा एक वेढा कापू. आठातला एक वेढा कापला तर सात उरतात आणि स्प्रिंग आठास सात या हिशेबाने, चौदा टक्के कडक होते. कडकपणा थोडा वाढतो, उंची बरीच जाते, आणि कापलेले टोक बैठकीवर नीट बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे. पोलादाला पाणी देऊन जी लवचीकता आणलेली असते ती मिनिटात जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या लोहारानेही कमान अशी तापवली नसती!

योग्य मार्ग म्हणजे त्या गाडीच्या वजनासाठी वळलेली नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप. तारेच्या जाडीत फार ताकद असते. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १२ मिलिमीटरऐवजी १३ ची तार घेतली तर स्प्रिंग जवळजवळ अडतीस टक्के कडक होते. मिलिमीटरभराचा हा खेळ अंदाजाने खेळू नये.

गतिरोधकांचे मात्र मी त्याला खोटे भय घातले नाही. नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. या गाडीच्या दोन चाकांतले अंतर २.४२ मीटर, म्हणजे दोन्ही चाके त्याच पाठीवर येतात आणि मधला उंचवटा जेमतेम ४३ मिलिमीटर भरतो. लो केलेली गाडीही सहज जाईल. अडचण आहे ती गावकऱ्यांनी रातोरात घातलेल्या मुठीएवढ्या रुंद वरवंट्यांची. त्यांना कुठलाच नियम नाही.

कायद्याचे थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितले. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा ती तपासणीला उभी राहणारच, लपवायची सोय नाही.

या सगळ्यावर तीन संध्याकाळी वाद झाला. शेवटी टेपने मोजायचे ठरले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचे अंतर, चौघे बसलेले आणि रिकामी गाडी, असे दोन्ही आकडे वहीत लिहिले. मागची डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिलिमीटर खाली निघाली. गाडी उचलून पाहिले तर त्या स्प्रिंगेचा तळाचा वेढा गंजाने खाल्लेला. खारी हवा आणि किनाऱ्यावरची वाळू तिथेच साचते. रंग उडाला की गंजाला खड्डा मिळतो, आणि तिथूनच एक दिवस स्प्रिंग तुटते.

आता चारही स्प्रिंगा मूळ मापाच्या करायला दिल्या आहेत, पावडर कोटिंगसकट. त्याने एक सवलत मागून घेतली. जरा रुंद टायर. तेवढी मी सोडली.