कापेल केलिन : एका ग्रामीण मेथडिस्ट प्रार्थनामंदिराचा इतिहास

धर्मसंस्थांचा इतिहास लिहिताना पंथभेद, उपदेशक आणि वास्तू यांकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. परंतु खेड्यातील एखादे प्रार्थनामंदिर तेथील भाषेचेही अधिष्ठान असू शकते, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. उत्तर वेल्समधील त्रुवेरिन नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कापेल केलिन या खेड्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. वेल्श भाषेत ‘कापेल’ म्हणजे प्रार्थनामंदिर. अर्थात गावाच्या नावातच ते सामावलेले होते.

हे मंदिर कॅल्व्हिनवादी मेथडिस्टांचे. अठराव्या शतकातील धार्मिक पुनरुज्जीवनातून उदयास आलेला हा वेल्श पंथ १८११ मध्ये स्वतःच्या उपदेशकांस दीक्षा देऊन इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चपासून विभक्त झाला. त्याचे एक प्रमुख केंद्र या खोऱ्यालगतचे बाला हे गाव होय. १७८४ मध्ये मेथडिस्टांस येऊन मिळालेले टॉमस चार्ल्स यांनी तेथून प्रथम फिरत्या शाळा व पुढे रविवारच्या शाळा यांचा प्रसार केला. या शाळांत मुलांबरोबर प्रौढही बसत, आणि वाचन शिकविले जाई ते वेल्शमधून.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पंथाची दुसरी संस्था अधिक लक्षणीय वाटते. तिचे नाव ‘सेयात’. हा शब्द इंग्रजी ‘सोसायटी’पासून आला, परंतु त्याचा व्यवहार सर्वस्वी वेल्श होता. या बैठकीत सभासद आपले आध्यात्मिक अनुभव कथन करीत आणि त्यांची चिकित्सा होई. शेतकरी व मेंढपाळ यांना सूक्ष्म मनोव्यापार चारचौघांत मांडण्याची सवय येथे लागली. १५८८ च्या बायबल-भाषांतराची ग्रांथिक वेल्श व्यासपीठावरून कानी पडत असल्याने बोली आणि प्रमाणभाषा यांतील दुवाही टिकून राहिला. शासनव्यवहारात स्थान नसलेल्या भाषेस प्रौढ व्यवहाराचे क्षेत्र लाभले, ते अशा लहान मंदिरांमुळे.

लिव्हरपूल शहरास पाणी पुरविण्यासाठी हे खोरे बुडविण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १९५७ मध्ये संमत केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांचा त्यास विरोध होता. मंदिरातील अखेरची उपासना २८ सप्टेंबर १९६३ रोजी झाली. १९६५ मध्ये जलाशयाचे उद्घाटन झाले. घरे, शेते, शाळा, टपालकचेरी, मंदिर आणि दफनभूमी ही सर्व पाण्याखाली गेली. पुढे काठावर एक स्मारक-मंदिर उभारण्यात आले. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ मध्ये क्षमायाचना केली.

वेल्श भाषेच्या ऱ्हासाचे खापर या एका जलाशयावर फोडणे अनैतिहासिक ठरेल. १९६१ च्या जनगणनेतच वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर आले होते. औद्योगिकीकरण, स्थलांतर आणि इंग्रजी शिक्षण ही त्याची जुनी कारणे होत. तथापि कापेल केलिन येथे जे नष्ट झाले त्याची मोजदाद घरे व जमीन यांच्या किमतीत होऊ शकत नव्हती. तेथील माणसे अन्यत्र जाऊन वेल्श बोलू शकत होती. परंतु ज्या समुदायात ती भाषा उपासनेची, वादाची आणि शोकाची एकमेव स्वाभाविक भाषा होती, तो समुदाय पुन्हा एकत्र येणे शक्य नव्हते. भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याने ग्रंथांबरोबर अशा बैठकांचीही नोंद घ्यावयास हवी.